दात कुणाचे आंबतात?

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी ३३ वर्षांची, मोहननगरात राहते. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. आजोबांनी त्यांच्या विधवा बहिणीला, आमच्या आत्याआजीला, पाळकसाहेबांसमोर पवित्र शास्त्रावर हात ठेवून एक एकर द्यायचा शब्द दिला होता. तो पाळला नाही. ती इंदोऱ्यात एका खोलीत राहून वारली. पुढे बाबा दारूला लागले, बागेतली अर्धी झाडं वाळली, माझी दोन बाळं पोटातच गेली. प्रार्थनासभेतले एक भाऊ म्हणतात, हा चौथ्या पिढीपर्यंतचा शाप आहे, बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकातच लिहिलं आहे. २१ दिवसांचा उपास केला आणि ते सांगतात तेवढं अर्पण दिलं की तुटेल. रक्कम मोठी आहे. माझ्या पाटल्या मोडू का?
– एक भगिनी, नागपूर

उत्तर : बेटा, पाटल्या मोडू नकोस. हे आधी सांगते, बाकीचं मग.

त्या भावांनी वचन खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. निर्गम २०:५ मध्ये वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन आहे खरं, पण ते 'माझा द्वेष करणाऱ्यांच्या' बाबतीत. हे शब्द गाळून ते वचन वाचायचं नसतं. आणि लगेच पुढच्या ओळीत दया आहे, ती हजारोंवर. तीन-चार एकीकडे, हजारो दुसरीकडे. परमेश्वराचा कल कुठे आहे ते आकडेच सांगतात. शिवाय त्या काळी तीन-चार पिढ्या एकाच छपराखाली नांदायच्या. घरचा कर्ता वाकडा वागला की पणतवंडापर्यंत सगळ्यांच्या ताटात ते यायचं.

भोगणं आणि दोषी असणं, यातला फरक मला तुला दाखवायचा आहे.

गणना या पुस्तकाचे १३ आणि १४ हे अध्याय वाच. देवानं इस्राएल लोकांना देऊ केलेला कनान देश त्यांचे बारा हेर ४० दिवस पाहून आले. द्राक्षांचा एक घोस दोघांनी काठीवर वाहून आणला. तरी दहा जणांनी लोकांचा धीर खचवला. कालेब आणि यहोशवा दोघेच म्हणाले, चला. लोकांनी ऐकलं नाही आणि ४० वर्षं रानात गेली, एका दिवसाला एक वर्ष. मुलांनीही ती वर्षं रानातच काढली. आईबापांच्या अविश्वासाचा भार मुलांवर आला, हे शास्त्र लपवत नाही. पण 'आमची पोरं शत्रूची लूट होतील' असं ज्यांच्याबद्दल आईबाप रडले होते, तीच पोरं पुढे त्या देशात गेली. रान त्यांच्या वाट्याला आलं, पण तो नकार त्यांचा नव्हता.

बरीच वर्षं मी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची बायबलची शाळा, घेतली. मंडळीच्या आवारात चिंचेचं झाड होतं. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय आला की मी एका पोराला हिरवी चिंच चावायला द्यायचे. तो डोळे मिटून खांदे आखडायचा, जिभेनं दात चाचपायचा. मग मी शेजारच्याला विचारायचे, तुझे दात आंबले का रे? एका वर्षी एक लहानगी माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, 'बाई, चिंच तर त्यानं खाल्ली ना!' बाबेलच्या बंदिवासात यहेज्केल नेमकं हेच सांगत होता. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या राजासोबत बाबेलला नेलेल्या लोकांतला तो एक. त्याच्या भोवतीचे लोक एक म्हण घोळवत होते : बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. परमेश्वरानं स्वतःची शपथ घालून ती म्हण बंद केली. त्या अध्यायात बाप, मुलगा आणि नातू तिघे आहेत. बाप नीतिमान, मुलगा दुष्ट, नातू ते सगळं पाहून वेगळा वागणारा. नातवाला बापाच्या पापासाठी मरावं लागत नाही.

त्या म्हणीत एक सोय होती, असं मला नेहमी वाटतं. सगळं बापावर टाकलं की आपल्याला काही करायचं उरत नाही. शापाचंही तसंच आहे. तो तोडायला कुणीतरी पैसे घेणारा लागतो. दिलेला शब्द मात्र घरातल्या घरात पुरा करता येतो.

आता बाग. मी स्वतः संत्र्याच्या घरातली आहे. आमच्याकडे डिंक्या आला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. बुंध्याच्या सालीतून मधासारखा डिंक पाझरायचा, आम्ही तो काडीनं काढायचो. वडील खाली बसून चाकूनं कुजकी साल खरवडायचे, मोरचूद-चुन्याचा मलम लावायचे आणि पाणी खोडाला लागू नये म्हणून बुंध्याभोवती मातीची बांगडी करायचे. कारण पाटाच्या पाण्याबरोबर तो रोग एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. पुढच्या झाडानं काही केलेलं नसतं. तुमच्या बागेला काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. तुझ्या भावाला घेऊन जा, जमिनीलगतची साल बघा, कृषी खात्याच्या माणसाला बोलवा. बाबांच्या पिण्याबद्दलही मला तसंच वाटतं. ते घरातून वाहत आलं असेल, पण बांगडी घालता येते. व्यसनमुक्तीचा डॉक्टर गाठ.

बाळांबद्दल लिहिताना माझा हात थांबतो. योहान ९ मध्ये जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही. तुझ्या बाळांबाबत कुणी हिशेब मांडायला लागला तर हे वचन त्याच्यासमोर उघडून ठेव. आणि नवऱ्याला सोबत घेऊन चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, दोघांच्या तपासण्या करून घ्या. अशक्तपणा असताना २१ दिवसांचा उपास तर मुळीच नको.

राहिला तो एकर. आजोबांचं पाप तुझं नाही, पण एकर तुमच्याकडे आहे. त्याचं फळ अजून तुमच्या घरात येतं. जकातदार जक्कयानं येशूला घरी उतरवून घेतलं तेव्हा त्यानं किती गाणी म्हटली ते लूक लिहीत नाही, अन्यायानं घेतलेलं चौपट परत देईन म्हणाला, ते लिहितो. तू आत्याआजीची नातवंडं शोध, इंदोऱ्यातल्या जुन्या शेजाऱ्यांना कुणीतरी ठाऊक असेल. सातबारा काढून वकिलाला दाखव. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे जमीन तोडून देता येत नसेल तर आजच्या बाजारभावानं किंमत द्या, हप्त्यांनी दिली तरी चालेल.

आजोबांचं नाव घ्यायची लाज वाटू देऊ नकोस. इस्राएलांचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाला जमिनीनं गिळलं, पण गणना २६:११ मध्ये एक छोटं वाक्य आहे : कोरहाचे मुलगे मेले नाहीत. त्याच वंशाची गाणी पुढे मंदिरात गायली गेली. ८४ वं स्तोत्र त्यांचं, देवाच्या घराच्या उंबरठ्याशी उभं राहणं बरं म्हणणारं. त्याच्या माथ्यावर आजही बापाचं नाव छापलेलं असतं. ते त्यांनी पुसलं नाही.

बाबांशी सकाळी बोल, प्यायच्या आधी. भावाला शेजारी बसव. आणि प्रार्थनासभेतल्या त्या भावांना निरोप दे की अर्पणाचा पैसा आत्याआजीच्या घरी जाणार आहे.