फिलिपिन्सचा इतिहास लिहायला घेताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मिळाला. वाचून मनापासून आनंद झाला. आपल्याकडे वसाहतवाद म्हटलं की इंग्रज आणि फार तर गोव्याचे पोर्तुगीज, इथेच विषय संपतो. तू फिलिपिन्स निवडलंस ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिलं वाक्य आधी काढून टाक. ‘तीनशे वर्षं मठात आणि पन्नास वर्षं हॉलिवूडमध्ये’ हे वाक्य चटकदार आहे, फिलिपिनो लोक स्वतःही ते म्हणतात. पण त्यात फिलिपिनो माणूस काहीच करत नाही. आधी स्पेनने त्याला कोंडलं, मग अमेरिकेने नादी लावलं, एवढंच. तुझी पुढची पानंही त्याच चालीवर गेली आहेत. 1521 मध्ये स्पेनच्या मोहिमेवरचा दर्यावर्दी मॅगेलन आला, 1565 मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीने सेबू बेटावर बस्तान बसवलं, 1571 मध्ये मनिला घेतली, 1898 मध्ये अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर मोजून बेटं ताब्यात घेतली. सगळं खरं आहे. पण मॅगेलन आल्यापासून सहा आठवड्यांच्या आत माक्तान बेटाच्या किनाऱ्यावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी त्याला ठार केलं, हे तू अर्ध्या ओळीत उरकलंस. उत्तर लुझोनच्या डोंगरातले इगोरोत लोक स्पेनच्या मोहिमांना पिढ्यान्‌पिढ्या दाद देत नव्हते आणि दक्षिणेतल्या मुस्लिम सुलतानांशी स्पेनची झुंज अखेरपर्यंत चालू होती, हे तर कुठेच नाही. तीनशे वर्षं ‘अख्खा देश’ मठात होता हे म्हणणं मुळात हिशेबाला धरून नाही.

मला सांगायचं आहे ते इतकंच, की राज्यकर्त्यांनी काय केलं हे लिहून झाल्यावर त्या माणसांनी त्याचं काय केलं हे शोध. प्रबंधाचा जीव त्यात आहे.

फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष मानला जाणारा लेखक होसे रिझाल याचं उदाहरण घे. तू त्याच्या कादंबऱ्यांवर आणि 30 डिसेंबर 1896 रोजी मनिलात त्याला गोळ्या घातल्या त्या प्रसंगावर भर दिला आहेस. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याने लंडनमध्ये केलेलं काम मात्र फार कमी लोक बघतात. 1888 मध्ये तो तिथे गेला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये बसून आंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा 1609 साली मेक्सिकोत छापलेला फिलिपिन्सवरचा ग्रंथ त्याने हाताने उतरवून घेतला. मोर्गा निवडला, कारण तो पाद्री नव्हता, सरकारी अधिकारी होता, आणि बऱ्याच गोष्टी त्याच्या डोळ्यांदेखत घडलेल्या होत्या. मग त्या मजकुराला रिझालने आपल्या टीपा जोडल्या आणि 1890 सालची ती आवृत्ती पॅरिसमध्ये छापून घेतली. शत्रूच्याच कागदातून आपल्या लोकांचा इतिहास वाचायचा हा उद्योग एका सत्तावीस वर्षांच्या डोळ्यांच्या डॉक्टरने एकट्याने केला.

त्यातली एक टीप नीट बघ. मोर्गा लिहितो की इथल्या लोकांना मासे कुजायला लागले की जास्त आवडतात. रिझालची टीप अशी, की स्पॅनिश लोकांनाही इतर कुठल्याही लोकांसारखी आपल्या सवयीबाहेरच्या अन्नाची किळस येते. ज्याला कुजलेलं म्हटलं आहे ते बागोओंग आहे आणि ज्यांनी ते खाल्लं आहे त्यांना ते कुजलेलं नसतं हे ठाऊक आहे. बागोओंग म्हणजे मीठ घालून मुरवलेली मासळी किंवा बारीक कोळंबी. जवळा भाजताना शेजाऱ्यांनी नाकाला पदर लावलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या टिपेतला राग वेगळा समजावून सांगायला नको. एका तळटीपेत स्वयंपाकघर, अपमान आणि राजकारण अशी तिन्ही एकत्र आली आहेत. असे तुकडे गोळा कर, सनावळ्या आपोआप बसतील.

पण रिझालवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. त्याचा जिवलग मित्र फर्डिनांड ब्लुमेंट्रिट याने त्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली आणि प्रस्तावनेतच सुनावलं, की जुन्या काळाला आजच्या मापाने मोजणं बरं नव्हे. स्पॅनिश येण्यापूर्वीचं सगळंच उत्तम होतं असं दाखवायच्या भरात रिझाल काही ठिकाणी वाहवत गेला आहे. ती प्रस्तावना रिझालने तशीच छापू दिली, यात मला त्याचा मोठेपणा दिसतो.

तू तुझ्या दुसऱ्या प्रकरणात कलांतियावची संहिता, म्हणजे त्या नावाच्या सरदाराचे म्हणून सांगितले जाणारे कायदे, घेतली आहेस, 1433 सालची म्हणून. ती ताबडतोब काढ. होसे मार्को नावाच्या गृहस्थाने 1914 मध्ये मनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला काही जुनी हस्तलिखितं म्हणून दिली, त्यांतली ही. गुन्हेगाराला मुंग्यांपुढे टाकणं, मगरींना घालणं असल्या भयानक शिक्षा तिच्यात आहेत. तरीही ‘आमच्याकडे स्पॅनिशांच्या आधी कायदा होता’ या समाधानापोटी ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत शिकवली गेली. न्यायाधीशांना द्यायच्या राष्ट्रीय सन्मानालाही तिचं नाव दिलं गेलं. 1968 मध्ये विल्यम हेन्री स्कॉट या संशोधकाने आपल्या प्रबंधात एकेक कागद तपासून ती बनावट असल्याचं दाखवून दिलं. मला यात मार्कोपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं दुःख जास्त कळतं. ज्यांना साडेतीनशे वर्षं ‘तुम्हाला इतिहास नाही’ असं ऐकवलं गेलं, त्यांना कुणी जुना कागद दाखवला तर ते हात पुढे करणारच. बनावट संहितेचा हा प्रवास हाच वसाहतीचा वारसा आहे. तिला पुरावा म्हणून घेऊ नकोस, विषय म्हणून घे.

आणि खरा पुरावा हवा असेल तर तो आहे. 1980 च्या दशकाअखेरीस लागुना प्रांतात लुंबांग नदीच्या मुखाजवळ वाळू उपसताना एक काळपट ताम्रपट सापडला. साधारण 20 बाय 30 सेंटिमीटरचा, दहा ओळींचा, कावी या जुन्या जावानी लिपीतला. मिंडोरो बेटावर मांग्यान लोकांमध्ये राहणाऱ्या आंतून पोस्टमा या डच अभ्यासकाने तो वाचला. तारीख आहे शके 822, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार, म्हणजे 21 एप्रिल 900. मजकूर एका कर्जमाफीचा. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज माफ झालं, त्याच्या वारसांवर, म्हणजे अंगकातान ही बाई आणि तिचा भाऊ बुका यांच्यावर, आता काही बोजा नाही, असं तिथल्या सरदारांच्या साक्षीने लिहून दिलं आहे. शेवटची ओळ मध्येच तुटते.

शके वाचून तुझ्या अंगावर काटा येईल, माझ्याही आला होता. पण लगेच ‘आपली संस्कृती तिथवर पोचली’ असं लिहायला घेऊ नकोस. तो ताम्रपट लिहिणाऱ्यांनी कालगणना घेतली, संस्कृत शब्द घेतले आणि ते जुन्या मलय भाषेत बसवून आपला व्यवहार पुरा केला. आपल्याकडे त्याच काळात राष्ट्रकूट राजे जमिनीच्या दानाचे ताम्रपट देत होते. तिथे एका कुटुंबाच्या डोक्यावरचं कर्ज उतरलं. निवड त्यांची, गरज त्यांची. स्पेनकडे बघताना जो नियम तू पाळायचा, तोच आपल्याकडे बघतानाही पाळ.

ख्रिस्ती धर्माचंही तसंच. ‘धर्म लादला’ इथे तू थांबली आहेस. लादला, यात शंका नाही. पण येशूच्या यातनांचं तागालोग भाषेतलं पद्यकथन, पासिओन, उपवासकाळात गावोगाव रात्ररात्र गायलं जातं. सत्ताधीशांनी छळलेल्या, गरिबांतून आलेल्या माणसाची ती गोष्ट शेतकऱ्यांनी आपली म्हणून ऐकली. आपोलिनारिओ दे ला क्रूझला देशी म्हणून पाद्र्यांच्या संघात घेतलं नाही, तेव्हा त्याने आपलं वेगळं मंडळ काढलं, हजारो लोक त्यात आले, आणि 1841 मध्ये सरकारने ते चिरडून त्याला मारलं. पुढे 1895 च्या पवित्र आठवड्यात आंद्रेस बोनिफासिओ आणि कातिपुनान या स्पेनविरोधी गुप्त क्रांतिकारी संघटनेतले त्याचे सोबती मोंताल्बानच्या गुहेत गेले आणि तिच्या भिंतीवर स्वातंत्र्याची घोषणा लिहून आले. स्पेनने दिलेल्या गोष्टीतूनच स्पेनविरुद्धच्या बंडाला भाषा मिळाली. रेनाल्डो इलेतो या इतिहासकाराने हा धागा फार सुंदर उलगडला आहे. त्याचं काम आधी वाच.

अमेरिकेचा भाग तू बरा हाताळला आहेस. फक्त स्वातंत्र्याची तारीख नुसती 4 जुलै 1946 देऊ नकोस. क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो याने 12 जून 1898 रोजी काविते प्रांतात स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तोच दिवस स्वातंत्र्यदिन ठरवला. कुणी दिलं ते नव्हे, आम्ही जाहीर केलं ते, अशी ती भूमिका आहे. सामार बेटावरच्या बालांगिगा गावातल्या चर्चच्या घंटाही घे. 1901 मध्ये अमेरिकी सैन्याने नेलेल्या त्या तीन घंटा 2018 मध्ये परत आल्या. मधली शंभराहून जास्त वर्षं लोकांनी मागणी सोडली नाही, हा त्या देशाच्या इतिहासाचाच भाग आहे.

महाराष्ट्राशी नातं जोडायचं असेल तर ओढूनताणून जोडू नकोस, एक खरं नातं वसईत आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, मनिलात फ्रान्सिस्कन झाले, तिथून जपानला गेले आणि 1597 मध्ये नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं. वसई ते मनिला हा रस्ता त्या काळी वाहता होता, यावर एक छोटा लेख वेगळा होईल. प्रबंधात मात्र तळटीप पुरे.

आता कामाचं. स्पॅनिशचा वर्ग याच महिन्यात लाव. तोवर ब्लेअर आणि रॉबर्टसन यांनी संपादित केलेले 55 खंड इंटरनेटवर फुकट आहेत, त्यांत स्पॅनिश कागदांची इंग्रजी भाषांतरं आहेत. मोर्गा 15 आणि 16 या खंडांत सापडेल. वाचताना लक्षात ठेव, मार्कोने कागद आणून दिले तेव्हा त्या ग्रंथालयाचा संचालक हाच रॉबर्टसन होता आणि कलांतियावचं भाषांतर त्यानेच प्रसिद्ध केलं. खंड अमेरिकी राजवटीच्या ऐन सुरुवातीला, 1903 ते 1909 मध्ये निघाले, तेव्हा कुठले कागद निवडले आणि कुठले गाळले याची वही पहिल्या दिवसापासून ठेव. दुसरं प्रकरण ताम्रपटापासून नव्याने लिही आणि बाकीच्या प्रकरणांना हात लावण्याआधी ते मला पाठव.

तुझी,
मॅडम