सीलिएक (गव्हानं आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्या मुलीला जोंधळ्याची भाकरी आणि खपलीची हुग्गी (गोड खीर) चालेल का? काढ्यानं फरक पडेल का?

भाकरी चालेल, हुग्गी अजिबात नको, आणि काढ्यानं सीलिएक बरा होत नाही. बेळगाव-चिकोडीकडं खपली पचायला हलकी म्हणून आजाऱ्यालाही देतात, पण ती गव्हाचीच जात. तिच्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, असतंच, आणि या आजारात थोडंसं ग्लुटेनसुद्धा आतड्याच्या अस्तराला इजा करतं. म्हणून खरी काळजी गिरणीची घ्या. गव्हाच्या मागोमाग त्याच चक्कीवर दळलेल्या जोंधळ्यात गव्हाचं पीठ मिसळतंच. जमलं तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. परात, तवा, लाटणंही मुलीचं वेगळं ठेवा. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. घटक वाचूनच आणा. रवा, शेवया, सातूचं पीठ बंद. नाचणीचं आंबील, तांदळाची घावनं, वरीचा भात खुशाल द्या. ओवा-जिऱ्याचं पाणी पोटाला आराम म्हणून ठीक आहे, पथ्याच्या बदल्यात नव्हे. एक मात्र सांभाळा: रक्ततपासणी अजून झाली नसेल, तर ती होईपर्यंत गहू स्वतःहून बंद करू नका. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही, असं होऊ शकतं.