जुन्या मोवरचे खरे मोल

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. घराभोवतीच्या सुमारे एक एकर हिरवळीसाठी ७ वर्षांपूर्वी ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पात्यांवरचे पत्र्याचे कवच), बसून चालवायचा जॉन डिअर कंपनीचा मोवर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, घेतला होता. इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या त्याच्या अवर मीटरवर २१० तास दिसतात. आता ३,२०० डॉलरचा नवा मोवर घ्यायचा विचार आहे. विक्रेता जुन्याचे ५०० डॉलर धरायला तयार आहे; शेजारी म्हणतात, बाहेर ८०० मिळतील. काय करावे?

उत्तर : ५०० हा आकडा एकटा पाहून काहीच ठरवता येणार नाही. जुना मोवर दिला नाही तर नवा कमीत कमी कितीला मिळेल, हे विक्रेत्याला आधी विचारावे. समजा, तो ३,००० म्हणाला, तर जी २०० डॉलरची सूट आपल्याला एरवीही मिळाली असती तीच जुन्याच्या किमतीत मिसळून दाखवली आहे, असा त्याचा अर्थ होतो. करामुळे थोडा फरक पडतो. पेनसिल्व्हेनियात राज्याचा विक्रीकर ६ टक्के असून बदल्यात दिलेल्या वस्तूची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच तो लागतो. त्यामुळे जुना देऊन २,८६२ आणि न देता ३,१८० डॉलर पडतील; म्हणजे आपल्या यंत्राचे प्रत्यक्षात ३१८ डॉलरच आले. (कॅलिफोर्नियातील वाचकांनी हा हिशेब लावू नये, तेथे कर पूर्ण किमतीवर आकारतात.)

विक्रेता फसवतो आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पाती, पट्टा, बॅटरी बदलून, यंत्र जागेवर ठेवून ते पुन्हा विकायचे आणि त्यात काही नफाही सुटायला हवा, हे सारे त्याला त्याच रकमेत बसवावे लागते. तरीही मोवर नीट चालत असेल, तर एवढ्या फरकासाठी तो स्वतः विकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२१० तास ही आपली जमेची बाजू आहे. एक एकर कापायला पाऊण ते एक तास लागतो; एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला कापणी धरली तरी वर्षाला तीसेक तासच होतात, त्यामुळे हा आकडा जाणत्या ग्राहकाला पटेल. तो इंजिनाइतकेच लक्ष डेककडे देईल, कारण खालच्या बाजूला ओले गवत साचून पत्रा गंजतो आणि पाती ज्यावर फिरतात त्या स्पिंडलजवळचा पत्रा कुजला असेल तर किंमत एकदम कोसळते. डेक खरवडून स्वच्छ करावा, पण रंग देऊ नये. ताजा रंग दिसला की गंज लपवल्याची शंका येते. तेल व हवेचा फिल्टर बदलावा, पाती धार लावून घ्यावीत. याहून मोठा खर्च करू नये, तो वसूल होत नाही. ग्राहक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नये. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झालेले त्याने स्वतः पाहिले, तर घासाघीस बरीच कमी होते. हिवाळाभर टाकीत राहिलेल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने कार्ब्युरेटर चोंदतो, तेव्हा तो आधी तपासून घ्यावा.

विक्री मार्च-एप्रिलमध्ये करावी. ऑक्टोबरमध्ये नव्या मोवरवर अनेकदा सूट असते, पण जुन्याला तेव्हा गिऱ्हाईक मिळणे कठीण जाते. गॅरेजमध्ये जागा असेल, तर नवा शरद ऋतूत घेऊन जुना वसंतात विकणे आपल्याला सर्वांत फायद्याचे पडेल.