प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली कोणीच नसतं, मग टीमकडून काम कसं करून घ्यायचं?

प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं हे तुम्ही ठरवता, पण इंजिनिअर तुम्हाला रिपोर्ट करत नाहीत, त्यामुळे हुकूम चालत नाही. कारण पटलं तरच काम हलतं. स्प्रिंट प्लॅनिंगच्या, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांचं काम ठरवायच्या मीटिंगच्या, दोन दिवस आधी एक पानी टिपण पाठवा: अडचण कोणाची, पुरावा काय, कोणता आकडा बदलायला हवा आणि या खेपेला काय करणार नाही. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात, मग सेल्सवाले अधेमधे ‘एवढं एकच बटण’ घुसवतात. त्यांना तोंडावर नकार देऊ नका. या खेपेच्या कामांची यादी पुढे ठेवा आणि विचारा, ‘हे घेतो, बदल्यात यातलं काय काढू?’ निम्म्या मागण्या तिथेच विरतात.

टेक लीडशी, म्हणजे इंजिनिअरांच्या तांत्रिक म्होरक्याशी, मात्र मीटिंगआधीच बोला. सगळ्यांसमोर पहिल्यांदा कानावर पडलं, तर सावध माणूस कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज फुगवूनच देणार.