एकाच तळ्यात तीन ट्राउट, मग ते मिसळत का नाहीत?

प्रश्न: काश्मीरला गेलो होतो तेव्हा ब्राउन ट्राउट खाल्ला. नंतर कळलं की आयर्लंडमधल्या एका तळ्यात या माशाचे तीन वेगळे प्रकार आहेत. एकाच पाण्यात राहून ते एकमेकांत मिसळत कसे नाहीत? आणि मासे कमी झालेच तर हॅचरीतले आणून सोडायचे, एवढी काळजी कशाला? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ते तळं म्हणजे लॉख मेल्विन, आयर्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या सीमेवरचं. तिथला गिलारू, म्हणजे आयरिशमध्ये 'तांबडा गडी', सोनेरी अंगावर लाल ठिपके, काठाजवळ तळाशी गोगलगायी वेचून खातो आणि त्यामुळे त्याच्या पोटाची भिंतसुद्धा जाड असते. सोनाघन काळपट, तो मोकळ्या पाण्यातले बारीक जीव खातो. तिसरा फेरॉक्स, हा मासेच खाऊन मोठा होतो आणि जगतोही जास्त.

आता मिसळत का नाहीत, तर आपला चाकरमानी कसा मुंबईत सगळ्यांबरोबर राहतो पण गणपतीला आपापल्याच गावी जातो, तसंच आहे हे. ट्राउट अंडी घालायला जन्मलेल्या ओढ्यातच परततो. गिलारू तळ्यातून बाहेर पडणाऱ्या ड्राउज नदीत, सोनाघन आत येणाऱ्या छोट्या ओढ्यांत, फेरॉक्स ग्लेनॅनिफ नदीच्या खालच्या भागात. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले अँड्र्यू फर्ग्युसन यांनी आधी प्रोटीन आणि मग डीएनए तपासून दाखवलं की तिघांचे जीन्स खरंच वेगळे आहेत.

दरवेळी असं रंगावरून ओळखता येईलच असं नाही हं. स्वीडनमधल्या बुनेर्शयोअर्ना तळ्यांत एका एन्झाइमच्या जीनवरून दोन गट सापडले (१९७९ मध्ये ते छापून आलं), दोन्हीकडचा एकेक जीन असलेले मधले मासे जवळपास नव्हतेच, ते गट आपसात मिसळत असते तर असे मासे दिसले असते. म्हणजे तोवर सगळे एकच समजून मोजले जात होते, आणि यातली हीच गोष्ट माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागते, कारण असा एखादा गट संपला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

हॅचरीचं म्हणाल तर काश्मीरमधला ब्राउन ट्राउट मुळात तिथला नाहीच, १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून वाढवलेला, तिथे प्रश्न वेगळा. पण मेल्विनसारख्या ठिकाणी मोजक्याच आईबापांची, टाकीत वाढलेली पिल्लं सोडली आणि ती जंगली माशांत मिसळली की हजारो वर्षांत जमलेलं ते वेगळेपण पातळ होतं आणि परत गाळून काढता येत नाही. ट्राउट अंडी खडीत घालतो, म्हणून सोनाघनच्या ओढ्यातली खडी गाळाने बुजली तर तिथे गिलारू सोडूनही काही उपयोग नाही, आधी ती खडी मोकळी करावी लागेल.