पात्राचं शिक्षण त्याच्या मुलखातून येऊ दे

भूमिका घेऊन खेळायच्या खेळासाठी तू लिहिलेलं पात्र वाचलं. डोंगरातला मेंढपाळ, वय सतरा, आणि चार भाषा, शस्त्रक्रिया, तलवारबाजी सगळं येतं. हे शिकायला त्याला वेळ कधी मिळाला?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या 2014च्या नियमांत पॉइंट-बाय (ठरावीक पॉइंट खर्चून ताकद, बुद्धी असे गुण घेण्याची पद्धत) घेतलंस तर 27 पॉइंट वाटायचे असतात, आणि पार्श्वभूमीतून, म्हणजे पात्राच्या आधीच्या आयुष्यातून, कौशल्यं मिळतात फक्त दोन. ही मर्यादा मला फार आवडते, ती निवड करायला लावते.

आता तुझ्या कल्पित जगातल्या देशांचं. विद्यापीठाच्या शहरातला लेखनिक करारनामा वाचेल, पण बर्फात वाट चुकेल. मेंढपाळाला अक्षरओळख नसू दे. ठशांवरून लांडगा कधी गेला ते त्याला कळतं, अडलेली मेंढी तो सोडवतो, वाऱ्यावरून वादळ ओळखतो. हेही शिक्षणच, त्याला तेवढंच वजन दे. निरक्षर मुलूख म्हणजे मठ्ठ मुलूख, असं कृपा करून लिहू नकोस.

आमच्या खेळात एकदा दूताचा खलिता कुणालाच वाचता येईना. वाचणारा शोधत सगळे बाजारभर फिरले, ती संध्याकाळ अजून आठवते.

दुसरी भाषा हवीच असेल, तर कुणाकडून शिकला ते एका ओळीत लिही. मीठ विकायला येणारा व्यापारी, सीमेपलीकडून आलेली आजी, कुणीही चालेल.