वाचक विचारतात : घरात एचआयव्हीचा रुग्ण आणि सगळं एकीच्याच अंगावर

(उत्तरं समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट आणि एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) देणारे डॉक्टर यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं आम्ही छापत नाही.)

प्रश्न : मेंदूत संसर्ग होऊन माझ्या नवऱ्याच्या पायांतली ताकद गेली, त्याच वेळी एचआयव्ही कळला. एमवाय रुग्णालयातून औषधं सुरू होऊन पाच महिने झाले. वजन साठ किलो, उठवायला मी एकटी. सासूबाईंना आणि शेजारी ‘टीबी’ सांगितलंय. माझी चाचणी निगेटिव्ह आहे, पण कंबर गेली आणि रात्रीची झोपही. – सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी कंबरेचं बघू, कारण तुम्ही आडव्या झालात तर त्यांची गोळीही चुकेल. बहुतेक घरी पलंग बुटका असतो आणि दुखण्याची सुरुवात तिथूनच होते. पलंगाच्या चारी पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून तो तुमच्या मांडीच्या वरच्या भागापर्यंत उंच करा. उंची चारी बाजूंना सारखी हवी, हलवून खात्री करा. ते स्वतः उठून बसू लागले की पलंग पुन्हा खाली घ्या, नाहीतर पाय टेकत नाहीत आणि माणूस घसरतो.

कूस बदलताना त्यांना उचलू नका, वळवा. त्यांचा पलीकडचा गुडघा दुमडा, पलीकडचा हात छातीवर ठेवा. तुमचा एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे. एक पाय पुढे, एक मागे ठेवून उभ्या राहा आणि अंगाचा भार मागच्या पायावर नेत त्यांना स्वतःकडे वळवा. वर सरकवायचं असेल तर चादरीची चौपदरी घडी खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला आणि दोघांनी दोन्ही कडा गुंडाळून सरकवा. हे काम एकटीनं करायचं नाही. काखेत हात घालून ओढू नका, त्यांचा खांदा निखळू शकतो. त्यांना तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका, सगळं वजन तुमच्या मणक्यावर येतं. कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटला, तर मलम चोळत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

झोपेचं कारण उघड आहे, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. हवेची गादी घेतलीत तर हे अंतर वाढवता येतं, पण आधी तपासा : माकडहाड, टाच, कंबरेची बाजू इथे लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा झाला तर ठीक. लालच राहिला तर अंतर वाढवू नका. तुम्हाला सलग चार-पाच तास झोप मिळायला हवी. तुकड्यातुकड्यांची आठ तास झोप तिची जागा घेत नाही. त्यासाठी रात्र दोघांत वाटावी लागेल.

आणि इथेच ‘टीबी’ आड येतो. टीबी म्हटलं की लोक आणखी लांब पळतात, शिवाय सासूबाईंनाही तपासणीला पाठवावं लागेल! खरं तेवढंच सांगा : ‘मेंदूत संसर्ग झाला होता, पायांत ताकद यायला वेळ लागेल.’ एचआयव्हीचं नाव कुणाला कळवायचं हा निर्णय त्यांचा आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्यांच्या संमतीशिवाय ते इतरांना सांगता येत नाही. पण पूर्ण गुपित एकटीनं वाहणं जड जातं. त्यांच्या संमतीनं एक माणूस निवडा, भाऊ किंवा नणंद, आणि एआरटी केंद्रातल्या समुपदेशकासमोर बसून सांगा. समोरच्याचे ‘ताटं वेगळी करायची का’ असले प्रश्न तिथेच मिटतात. मग मदत मोघम मागू नका. ‘लक्ष असू द्या’ म्हटलं की कुणी येत नाही. ‘मंगळवारी-शुक्रवारी रात्री दहा ते तीन तुम्ही बघा’ म्हटलं की हो किंवा नाही असं उत्तर तरी मिळतं.

औषधं सुरू होऊन सहा महिने झाले की त्यांची व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे) तपासणी होईल. विषाणू सापडत नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. तोवर कंडोम वापरा. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन महिन्यांनी तुमची चाचणी पुन्हा करून घ्या. दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे आणि रात्रीही लागतो. झोपेची गोळी मेडिकलवाल्याकडून घेऊ नका, रात्री हाक ऐकू येणार नाही.

प्रश्न : संडास-बाथरूम, टॉवेल, भांडी वेगळी ठेवायची का? – लोकमान्यनगर

उत्तर : भांडी आणि संडास, नाही. ब्लेड, रेझर आणि दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा. रक्त सांडलं तर हातमोजे घालून कागदानं टिपा, एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ओता, दहा मिनिटांनी पुसा. पाणी रोज ताजं करा. संडासाच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग मिसळू नका, विषारी वायू निघतो. रक्ताचे बोळे कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यात द्या.

प्रश्न : मुलगा-सून गेले. नऊ वर्षांच्या नातवाला एआरटी चालू आहे. मला मधुमेह आहे, माझी तपासणी दरवेळी राहते. अशक्तपणा म्हणून त्याला रक्तवाढीचं टॉनिक देते, चालेल ना? – रामबाग

उत्तर : आजी, वेळ बघून द्या. त्याच्या औषधात डोल्युटेग्राविर असेल (केंद्रात विचारा) तर लोह आणि कॅल्शियम ते पोटात शोषू देत नाहीत. एआरटी आधी, टॉनिक दोन तासांनी. किंवा टॉनिक आधी दिलं असेल तर एआरटी सहा तासांनी. जेवणाबरोबर दोन्ही एकदम चालतात. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून दर खेपेला त्याचं वजन करून घ्या.

तुमची शुगर तपासणी त्याच्या एआरटीच्याच तारखेला लावून घ्या. उपाशीपोटी रक्त देऊन लगेच खा आणि डबा बरोबर न्या, रांगेत शुगर उतरते. मधुमेह असल्यानं टीबीचा धोका तुम्हालाही दोन-तीन पट असतो. तुमचा खोकला दोन आठवडे टिकला तर तपासणी करा, नातवाला मात्र खोकला कितीही दिवसांचा असला तरी केंद्रात दाखवा.

प्रश्न : भावाला इंजेक्शन देताना सुई माझ्या बोटात गेली तर? – छत्रीपुरा

उत्तर : वाहत्या पाण्यात साबणानं धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट लावू नका. शक्यतो दोन तासांत सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. बहात्तर तासांनंतर लागण रोखणाऱ्या औषधाचा उपयोग नाही, कोर्स 28 दिवसांचा असतो. सुईला टोपण परत लावताना बहुतेकदा टोचते, म्हणून ते लावूच नका. सुई झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात टाका.

प्रश्न : आई अंथरुणाला, वडील नाहीत. मी सतरा वर्षांचा, बहिणीला शाळेत घालायचंय. पालक कोण लावू?

उत्तर : तूच. एचआयव्ही कायद्याच्या कलम 32 प्रमाणे, बारा ते अठरा वयाचा जो मुलगा किंवा मुलगी बाधित कुटुंबाचा कारभार समजून सांभाळते, ती धाकट्या भावंडाची पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खातं, उपचार यांसाठी सही करू शकते. शाळेनं आजारामुळे नाकारलं तर याच कायद्याखालच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. अर्ज कसा लिहायचा हे एड्स हेल्पलाइनला 1097 वर फुकट विचार. आईला अजून लिहिता येतंय, तोवर तुमच्या दोघांचा पुढचा पालक कोण हे तिच्या सहीनं लिहून घे. तुझ्या परीक्षेचं वेळापत्रक नात्यातल्या मोठ्या माणसाच्या हातात आधीच दे, त्या दिवसांत आईजवळ कोण बसणार हे त्यातच ठरवून टाका.